मामाजी आणि तापलेला डबा

१९ एप्रिल २००७, गुरुवार

पुन्हा बंद पडला. नववीचा निकाल अर्धा भरून झाला होता, सेव्ह करायच्या आत स्क्रीन काळी. शाळेतला कॉम्प्युटर मुख्याध्यापकांनी कव्हर घालून कुलपात ठेवलाय, खराब होऊ नये म्हणून! म्हणून हे लचांड माझ्या घरी. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर चटका. आतला पंखा आधी घरघरतो, मग ओरडतो, मग सगळंच गप.

मामाजी त्याच खोलीत, आपल्या गादीवर बसून. हिवाळ्यात सासूबाई गेल्या, तेव्हा सु.नं त्यांना गावाहून इथे अकोल्याला आणलं. आणि महिनाभरात स्वतः बदलीवर यवतमाळला. नवरोबा येतात शनिवारी. बाकीचे दिवस घरात सासरा नि सून, मध्ये हा डबा.

आज जेवताना मामाजी एवढंच बोलले, "मिरगाच्या पयले मी गावाले जातो." दोन वर्षं कापसानं दगा दिला, शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलंय, घराला कुलूप. मागच्या उन्हाळ्यात बांधावर भोवळ येऊन पडले होते. जाऊन करणार काय? भाजी वाढली.

२२ एप्रिल, रविवार

सु.ला म्हटलं, डबा उघडून बघ. म्हणे, गॅरंटी जाईल. कसली गॅरंटी, ती जाऊन जमाना झाला! तो दुपारी घोरायला लागल्यावर मीच पेचकस घेऊन बसले. मामाजींनी न सांगता टॉर्च धरला.

आत कापूस! पंख्याच्या पात्यांत, जाळीत, खालच्या पट्ट्यांच्या फटीत, सगळीकडे मळका कापूस. चिमट्यानं ओढला तर बोळाच निघाला. मामाजींनी तो बोटांत चोळून पाहिला.

"आपल्या गादीतला हाये."

त्यांची गादी घरच्या कापसाची, सासूबाईंनी भरून घेतलेली. खोळ विरलीय. रोज सकाळी ते ती डब्याशेजारीच झटकून गुंडाळतात, आणि पंखा बिचारा सगळं ओढून घेतो. साफ केल्यावर कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. खूश होऊन सांगायला गेले, तर गादी गॅलरीत आणि मामाजी चटईवर.

२३ एप्रिल, सोमवार

गादी आत आणली. शाळेतून आले तर परत गॅलरीत. परत आणली.

"मशीन महागाची हाये. गादीचं काय एवढं?"

"मशीन मी फेकून देईन मामाजी, गादी हलणार नाही."

दोघंही हट्टाला पेटलो. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून जाड कापडाची खोळ शिवून आणली. चढवताना एक टोक त्यांनी धरलं, एक मी. खोळीवर मोठाली फुलं आहेत. मामाजींनी त्यांवरून एकदा हात फिरवला.

२ मे, बुधवार

घरात डॉक्टर आलेत. मी टाइप करायला बसले की मामाजी येऊन डब्यावर तळहात ठेवतात, वासराला ताप आहे का पाहावं तसा. "आता बंद कर वं, तापली." मशीन म्हणून ती बाई. पंख्याच्या जाळीवरची धूळ झाडायला स्वतःचा दाढीचा ब्रश देऊन टाकला. दाढीला नवा आणला. जुना कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात, त्याला दुसरं कोणी हात लावायचा नाही.

आज आपण होऊन सासूबाईंचं बोलले. गादी भरताना त्या शिंकत सुटायच्या, आणि दर शिंकेला मामाजींवरच चिडायच्या. इतके हसलो दोघं. किती दिवसांनी! फार बरं वाटलं मला.

९ मे, बुधवार

पेपर आधी मी वाचते. त्यांच्या भागातल्या कुणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असली की ते पान रद्दीत. त्यांना कळतं. आज गडबडीत मी विसरले. मामाजींनी नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"शेजारच्या शिवारातला. माह्यापेक्षा लहान होता."

मग लाइट नसताना डब्यापाशी जाऊन बसले. मी पोळ्या लाटत राहिले, एकही धड गोल झाली नाही. त्यांनी गावी एकटं राहू नये. बाकी मला काही नको. पण म्हातारा माणूस दिवसभर भिंतीकडे तरी किती पाहील? त्यांचंही खरं आहे. आणि मिरग आता महिन्यावर.

१७ मे, गुरुवार

उन्हानं कहर केलाय. भिंतीसुद्धा गरम. आणि डबा पुन्हा तसाच, सुरू केला की थोड्या वेळात गप. मुख्याध्यापक साहेबांना सुट्टीतच पुढच्या वर्षाचं वेळापत्रक हवंय. जुन्या शहरातल्या रफिकभाईला फोन केला, कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतलेला. म्हणाला, "भाभी, पंखा थक गया है, कभी भी लेके आओ. तब तक बाजू का पत्रा खोल के रखो, हवा लगने दो."

मामाजी कान देऊन ऐकत होते.

१९ मे, शनिवार

भाजी घेऊन आले तर हॉलमधला कूलर स्टँडसकट गायब. मामाजींनी एकट्यानं ओढत नेऊन उघड्या डब्यासमोर लावलेला! स्वतः घामाघूम, डोक्यावर ओला दुपट्टा.

"पाह्य, कशी चालून राहिली!"

आणि खरंच चालत होती. वेळापत्रक बरंचसं झालं, एकदाही बंद नाही. ओली हवा आणि वीज, मनात आलंच माझ्या. पण त्यांचा चेहरा असा होता की... इथे आल्यापासून पहिल्यांदा. नाही सांगवलं. सु. आला, म्हणाला, "बाबांनी डोकं लावलं बरं का!" मामाजींनी आज दुसऱ्यांदा भात घेतला.

२८ मे, सोमवार

मेला. बटण दाबलं, काही नाही. पंखासुद्धा हलत नाही.

टॉर्च मारला. आत सगळ्यावर पांढरा थर. कूलरमध्ये आम्ही बोअरचं पाणी भरतो. नळाचा काय भरवसा! ते खारं पाणी कूलरचा पत्रा खातं, म्हणून दरवर्षी टाकी रंगवतो. एवढं माहीत असून ते हवेबरोबर डब्यात जाईल हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मामाजींनी पांढरं बोटावर घेऊन जिभेला लावलं.

"मीठ हाये."

दुपारी पिशवीत धोतरं भरताना दिसले.

३० मे, बुधवार

रिक्षानं जुन्या शहरात. डबा दुपट्ट्यात गुंडाळून मामाजींच्या मांडीवर. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी कवटाळायचे.

रफिकभाईनं पत्रा काढला आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला, नमक का खेत है ये तो! कूलर के सामने किसने रखा?"

मामाजींनी तोंड उघडलं. त्यांनी बोलायच्या आत मी म्हटलं, "मैंने रखा."

"अरे भाभी, आप तो टीचर हो!" खूप हसला. हसू दे.

येताना मोर्णा नदीच्या पुलावर मामाजी म्हणाले, "खोटं काहून बोलली वं?"

"सारंच खोटं नाही. मले शंका आली होती, तरी चालू देलं."

"काहून?"

रिक्षावाला ऐकत होता. ऐकेना का. "तुमी खुश होते म्हणून. अन् तुमी गावाले एकटे राह्यलेले मले चालत नाही म्हणून. मले तुमी इथं पाह्यजे."

त्यांनी तोंड बाहेर वळवलं. घर येईपर्यंत बाहेरच पाहत होते.

२ जून, शनिवार

सु. म्हणतो, सोडा, नवाच घेऊ. मामाजी एकदम कडाडले, "दुरुस्त होते तं फेकाची काहून?" रोज विचारतात, तिची काही खबर आली का. पण पिशवी दाराआड तशीच भरलेली. मी रोज केर काढताना ती उचलते, रोज परत ठेवते.

५ जून, मंगळवार

आली! मी पण आता आली म्हणायला लागले. नवा पंखा, आतलं सगळं धुऊन-वाळवून. रफिकभाई स्वतः लावायला आला. पंख्याचा आवाज इतका बारीक की कान लावावा लागतो. "महीने में एक बार ब्रश मारना, बस. और भाभी, कूलर से दूर!"

मामाजींनी त्याच्यापुढे चहा ठेवला. म्हणाले, "कूलर म्या लावला होता, बापू. सूनबाईनं नाही."

रफिकभाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग बशीत चहा ओतत म्हणाला, "चलता है चाचा. घर की बात है."

मला स्वयंपाकघरात जावं लागलं. डोळे भरले होते.

७ जून, गुरुवार

मिरग. मामाजी सकाळच्या बसनं गेले.

"पेरनी पाहून येतो." ठोक्यानं दिलेल्या शेतातली दुसऱ्याची पेरणी! "येतो म्हंजे कधी?" तर म्हणे, "पाहू." सु. फोनवर म्हणाला, जाऊ दे, भाऊबंद आहेत शेजारी. जाऊ दे म्हणायला काय जातं! स्टँडवर भांडले मी त्यांच्याशी, चारचौघांत. बस हलली तेव्हा ते खिडकीतून काहीतरी सांगत होते, ऐकू आलं नाही. नीट जा म्हणायचं राहूनच गेलं.

१० जून, रविवार

गावच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप, पोचले, जेवतात. कधी येणार ते नाही.

गादी इथेच, फुलांच्या खोळीत, गुंडाळून. तिला हात लावला नाही. शाळेचं थोडं टाइप केलं. मध्ये डब्यावर तळहात ठेवून पाहिला. कोमट.

जाळीवर धूळ दिसली म्हणून खण उघडला. ब्रश नाही. टेबलाखाली, कपाटावर, गादीच्या घडीत, कुठेच नाही. मग बेसिनवर पाहिलं. दाढीचा नवा ब्रश तिथेच आहे, कपात उभा. जुना घेऊन गेलेत.

सु. म्हणाला, बाबांचे डोळे कमी झालेत, चुकून नेला असेल. असेल. पण खण उघडून चुकून?

"अगं, दुसरा आण ना, कुठेही मिळतो."

नाही आणणार.