अकरा दगडांचा शोधनिबंध

पोपलर फोर्क, केंटकी
मे महिन्यातला पहिला मंगळवार

माझ्या पाठच्या भावास, हॉबर्टला,

थोरली बहीण डेल्फी हिचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना निराळे, कारण त्यांना गरज जास्त आहे. तिकडे ओहायोत तुम्ही सगळे खुशाल असाल. नसता तर अबोला मोडूनही कळवलं असतंस, कारण दुखणी सांगायला तुला सवड मिळाली नाही असं आजवर झालेलं नाही. मी बरी आहे. दात होते तेवढेच आहेत, गाय आटली आहे, आणि तुझ्याकडचा आईचा बिडाचा तवा अजून माझाच आहे. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मजकुरात आडवं येणार नाही.

पत्र माझी नात शेल्बी लिहिते आहे. मी सांगते तसंच लिहिते, पण मधूनमधून कंसात नाक खुपसते. (खुपसत नाही. आजीच्या बोलण्याला जिथे पुरावा नसतो तिथे तेवढी नोंद करते. – शेल्बी) बघितलंस? मला वाचता येत नाही, त्यामुळे कंसात तिने काय लिहिलं ते तिनेच मला वाचून दाखवायचं आणि मी विश्वास ठेवायचा. चोराच्याच हातात कंदील.

हे खूळ तिच्या डोक्यात शाळेने भरलं. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी हल्ली पोरांना कॉलेजातल्यासारखा शोधनिबंध लिहायला शिकवतात. बरा उतरला तर कॉलेजात तो विषय सुटतो, नाही उतरला तर तिकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून. चांगलीच गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण सप्टेंबरपासून या घरात एक वाक्य सुखाने पार पडलेलं नाही. मी म्हणावं, उद्या पाऊस आहे. ही म्हणते, कशावरून? मी म्हणावं, गुडघा सांगतो. तर म्हणते, "गुडघा हा एकच साक्षीदार झाला, आजी." घेवड्यात मीठ जास्त झालं, कशावरून? शेजारची अर्लीन केस रंगवते, कशावरून? रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा नोहाच्या तारवाची गोष्ट रंगात येऊन सांगत होते, तर ही माझ्या कानाशी लागून विचारते, "यांनी हे मूळ साधनातून घेतलंय की दुय्यम?" मी तिला चिमटा काढला. तो मूळ साधनातूनच काढला होता.

तर या पोरीने निबंधाला विषय कुठला घ्यावा? आपली जुनी दफनभूमी. धरण झालं त्या साली तू नऊ वर्षांचा होतास आणि मी पंधराची. खालच्या सपाटीवरची सगळी थडगी उकरून सरकारने वर टेकडीवर नेली, ते तुला आठवत असेलच, कारण तू कुंपणावर बसून खोकी मोजत होतास आणि बाकीची कामं मी करत होते. ज्या थडग्यांवर अक्षरं होती त्यांची नावं सरकारी माणसांनी वहीत उतरवली. आपल्या अकरा दगडांवर अक्षरं कुठली? आपल्या माणसांना येतच नव्हती. ओढ्यातला दगड आणायचा, उभा पुरायचा, झालं. त्या अकरांपुढे त्यांनी लिहिलं, "नाव अज्ञात". अरे, ती माणसं नऊ दिवस आईच्या हातचं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव खात होती! एक जण तर तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. वाढणारीला एवढंच विचारायचं होतं, की बाई, तो लांबट दगड कुणाचा? तोंड उघडं होतंच, पण घासासाठी. (जेवणाच्या दिवसांची संख्या सरकारी कागदात आढळत नाही. – शेल्बी) कशी आढळेल? कागदावर तेच लिहीत होते आणि ताटं मी घासत होते.

मग काउंटीच्या इतिहासाचं पुस्तक निघालं, त्यात ते "अज्ञात" तसंच उतरलं. त्या पुस्तकावरून दुसरं निघालं, दुसऱ्यावरून तिसरं. शेल्बीने निबंधात माझी नावं लिहिली, अकराच्या अकरा, आणि खाली तळटीप दिली, "माझ्या आजीने सांगितले". त्यावर तिच्या प्रुइट मास्तरांनी लाल शाईने शेरा मारला: तीन छापील पुस्तकांविरुद्ध एक आजी पुरेशी नाही, नावं निबंधातून काढून मागे पुरवणीत टाकावीत.

पुरवणीत! मी टोपी घातली.

शाळेत रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक घेतला. हे प्रुइट मास्तर लेक्सिंग्टनचे, कोवळेच आहेत, कॉलर ताठ आणि नाक सतत वाहतं. आपल्याकडचं गवत त्यांना सोसत नाही. वर्गात चाळीसेक पोरं. (एकोणीस. – शेल्बी) मला पाहून मास्तर उठून उभे राहिले, खुर्ची दिली आणि म्हणाले, "आजीबाई, तुमच्या आठवणींबद्दल मला फार आदर आहे." मास्तराने आदर म्हटला की ओळखावं, नकार दारातच उभा आहे.

मी विचारलं, "मास्तर, तुमच्या पणजीचं नाव काय?"

"ऑगस्टा."

"कुठे छापलंय?"

त्यांनी नाक पुसलं. "वडील सांगायचे," म्हणाले.

"मग बिचारी अज्ञातच की! टाका तिला पुरवणीत."

पोरं अशी हसली की शेजारच्या वर्गातली बाई डोकावून गेली. शेल्बीने मात्र बाकाखाली जायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. पण मास्तर चिडले नाहीत रे. त्यांनी केक कापला, खडू घेतला आणि म्हणाले, "सांगा." मी सांगत गेले, ते फळ्यावर लिहीत गेले. आपली आजी शिकवायची तसंच सांगितलं. फुलांच्या रविवारी थडग्यांवर फुलं वाहताना ती हाताला धरून दगडादगडापाशी न्यायची, नाव सांगायची आणि त्या माणसाची एक खोड सांगायची, आणि मला ते तसंच परत म्हणून दाखवावं लागायचं. एक चुकलं की पुन्हा फाटकापासून सुरू. तू चुकलास की तुला कडेवर घ्यायची. हे मी विसरलेली नाही. मेल्यावरही विसरणार नाही, आणि तेव्हा माझ्या दगडापाशी "हिची खोड काय" असं विचारलं तर शेल्बीने हेच सांगावं. नावं इथे लिहीत नाही. त्याला कारण आहे, खाली येईल.

फळा भरला. मास्तरांनी ती तीन पुस्तकं टेबलावर ओळीने मांडली, पानं उघडली आणि पोरांना दाखवलं, की बघा, तिघांत "अज्ञात"च्या आधीची नि नंतरची ओळसुद्धा सारखी आहे. म्हणाले, "माझं चुकलं. ही तीन पुस्तकं नाहीत, एकच पुस्तक तीनदा छापलंय." मी पोरांकडे असं पाहिलं, की जणू धरण मीच फोडलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पण आजीबाई, तुम्हीही एकच आहात. हीच नावं ठाऊक असलेलं दुसरं कुणी आहे का? आणि त्यांचं तुमच्याशी यावर बोलणं झालेलं नको."

मी म्हटलं, "माझा भाऊ आहे. बोलणं म्हणाल तर कशावरच झालेलं नाही. सहा वर्षं झाली."

"उत्तम!" मास्तर म्हणाले. आपल्या भांडणाला उत्तम म्हणणारा हा पहिलाच माणूस.

निबंध फुलांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी द्यायचा आहे. मग त्याची बांधीव प्रत काउंटीच्या वाचनालयात राहणार. दुसरा साक्षीदार मिळाला नाही, तर मास्तर नावं आत घेणार नाहीत, आणि ते "अज्ञात" चौथ्यांदा लिहिलं जाईल. या वेळी माझ्या नातीच्या हाताने. तीनदा परक्यांनी केलं ते मी सोसलं. चौथ्यांदा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कुणी करायचं नाही. टेबल माझं आहे.

तुझ्या मुलाबाळांना आशीर्वाद. गुडघ्यांना एरंडेल चोळ आणि त्याबद्दल कुणाला सांगू नकोस.

तुझी बहीण,
डेल्फी (तिची फुली)

ता.क. आता मुद्द्याचं. तुला आठवतात ती नावं, फाटकापासून क्रमाने, स्वतः लिहून लगेच पाठव. कुणाला विचारू नकोस, इथे फोन करू नकोस. एखादं आठवलं नाही तर ती जागा मोकळी सोड. (मोकळी जागाही पुराव्यात धरतात. – शेल्बी)

ता.क. दुसरा. हा अर्लीनच्या हातचा आहे, शेल्बी शाळेत गेली आहे. हॉबर्ट, दहा नावं माझी पक्की आहेत, शपथेवर. अकरावा, तो देवदाराखालचा लहानसा दगड, तिथे आजी नाव सांगायचीच नाही. नुसता हात ठेवायची आणि पुढे जायची. मीही कधी विचारलं नाही. पण वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते, मास्तरांचा खडू वर उचललेला होता, आणि त्या लेकराला एकट्यालाच अज्ञात म्हणायला माझी जीभ वळेना. घरी शेल्बीला मनानेच एक नाव सांगितलं होतं, तेच पुन्हा दिलं. कुठलं ते तुला सांगत नाही, नाहीतर माझी बाजू घ्यायला तू तेच लिहिशील. कडेवर बसून तुला काही ऐकू आलं असलं तर कळव. खरंच माहीत नसेल तर नाही म्हणून लिही, म्हणजे मी पुन्हा टोपी घालून मास्तरांकडे जाईन आणि स्वतःच्या तोंडाने सांगेन. केक मात्र या खेपेला नेणार नाही. आणि तवा ठेव तुझ्याकडे. मिटलं.

ता.क. तिसरा. हॉबर्ट आजोबा, मी शेल्बी. अर्लीनमावशींना तुमचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून आजीने पाकिटावर तो लिहायला पत्र माझ्याकडेच दिलं आणि "मागची बाजू वाचू नकोस" असं तीनदा बजावलं. एवढं कुणी वाचायला लावण्यासाठीच बजावतं. आजीने मला अकरावं नाव सांगितलं तेव्हाच मला शंका आली होती, कारण त्याला खोड नव्हती. म्हणून नव्या मसुद्यात मी दहाच नावं लिहिली आहेत, आणि अकराव्यापुढे लिहिलं आहे: "या दगडापाशी माझी आजी थांबते, हात ठेवते आणि पुढे जाते." मास्तर म्हणाले, हे वाक्य काढू नकोस. तुमची दहा तेवढी लवकर पाठवा. आणि तवाही पाठवाच. तो तिचा आहे. कशावरून? आजी म्हणते.