चेतूचा डावा हात

कळमना, नागपूर

माय,
पायावर डोकं ठेवतो. मी बरा आहो, कामबी चालू आहे. बाबाचा खोकला कसा आहे?

माझ्या चेतूले ज्या डॉक्टरबाईनं पाह्यलं, तिले पुन्हा भेटलो. ती म्हणते, ऑटिझमवाल्या बऱ्याच जणांच्या मेंदूत डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आपल्यापेक्षा जरासा कमी राहते, अन् त्यांच्यात डावखुरेबी जास्त. ही पोराची जिद्द नाही.

त्यानं उजव्यानं खावं म्हणून तू त्याचा डावा हात पदरानं बांधतेस. आता नको बांधू वं, महालक्ष्म्यांच्या पंगतीतबी नाही. पाहुणे बोलले तर माझं नाव सांग.

काल मी डाव्या हातानं जेवून पाह्यलं. वरण सारं अंगावर सांडलं, भुकेलाच उठलो. तवापासून जिवाले चैन नाही.

माय, चेतू पोटभर जेवते ना?

तुझाच,
विक्की