नऊ नंबरचे बूट

४ जानेवारी

चि. भोवऱ्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आज दुपारी डोळे मिटून पडलो होतो, आणि कानात एकदम तोच खर्रर्र आवाज आला. शाळेमागच्या मुरमाच्या उतारावरून गंजक्या पत्र्यावर बसून तू खाली जायचास, तो. मी वर तुझं दप्तर सांभाळत उभा, उद्याच्या तासाची कविता पुटपुटत. तू खालून ओरडायचास की आता तुझी पाळी, आणि मी म्हणायचो की अजून दोन कडवी राहिलीत. एवढं वय झालं, पण ती दोन कडवी काही संपली नाहीत.

असो. सूनबाईकडून कळलं की आमची बिट्टी फेब्रुवारीत तुला डोंगरावर स्कीइंगला नेते आहे. आनंद वाटला. माझी नात, नकाशे काढायच्या नोकरीतली तिची पहिली मोठी सुट्टी, आणि बरोबर कोण, तर काकाआजोबा! बर्फाच्या सगळ्या कविता मला पाठ. कवितेच्या तासाला बाकावर उभा राहायचास तू. आणि बर्फ बघणारही तूच. वर कोणीतरी हजेरीपट चुकीचा वाचतंय, दुसरं काय.

अडुसष्टाव्या वर्षी घसरायला जातोस तर निदान विमा नीट काढ. विमा कचेरीत चौतीस वर्षं मी मोडक्या हाडांचे दावे तपासले आहेत. कागद पाठव. फोन मात्र नको. तुझं कानातलं यंत्र शीळ घालतं, आणि मग आपण दोघं वेगवेगळ्या विषयांवर बोलत बसतो.

माया आहे, ती असू दे.

तुझा दादा

९ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझा आनंद जागोजागी टोचला.

काल बिट्टीने सांगितलेल्या दुकानात जाऊन आलो. त्यांची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर बोटभर खाली थांबते, तेही सांगून आलो. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस गप्प कसा बसणार? मला लालभडक, लांबच लांब स्की आवडल्या होत्या. दुकानातल्या बाईंनी माझ्या पोटाकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या की काका, त्या शर्यतवाल्यांच्या; नवशिक्याने हनुवटीच्या वर जाणारी घेऊ नये. तेव्हा स्की, काठ्या आणि बूट भाड्याने, हेल्मेट आणि हातमोजे विकत. हेल्मेट घालून आरशात बघितलं. उलटं ठेवलेलं पातेलं दिसतो.

बूट म्हणजे काय प्रकार आहे! घट्ट बादलीत पाय घालून चालावं तसं. नंबर विचारला, मी नेहमीचा नऊ सांगितला. टाच आत उचलली जाते का, असं बाईंनी तीनतीनदा विचारलं. मी म्हटलं, छान आहे, बोटांना श्वास घ्यायला जागा आहे. नऊचा जोड नोंदवला, तो वर डोंगरावरच्या दुकानात मिळेल.

विम्याचे दोन कागद सोबत पाठवतो, एक जाड, एक पातळ. मला दोन्हीतलं ओ की ठो कळलं नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. बिट्टीने आधी तुला विचारलं होतं म्हणे. तू नाही का म्हणालास?

राग धरू नकोस, धरलास तर फार दिवस नको.

तुझा भोवरा

१४ जानेवारी

चि. भोवऱ्यास अ. उ. आ.

मला कोणीही काहीही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर आठवलं असतं. माझी आठवण अजून शाबूत आहे.

पातळ कागद फाडून टाकला. उतारावरून जखमी माणसाला खाली आणण्याची सोयच त्यात नाही, आणि साठीपुढच्यांना बर्फातले खेळ वगळले आहेत. तेही तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. जाड घे. त्यात हेलिकॉप्टर आहे, दवाखाना आहे, आडवं होऊन घरी यायची वेळ आली तर विमानात तीन सीटही आहेत. आखलेली वाट सोडून गेलास तर मात्र काही मिळणार नाही, म्हणून नावाप्रमाणे गरगरत कुठेही जाऊ नकोस. रक्तदाबाची गोळी घेतोस, ते मी लिहिलं आहे. लाजून लपवलं की दावा पहिल्याच टेबलावर आडवा होतो. फॉर्म पूर्ण भरला आहे, तू फक्त सही कर.

बुटांविषयी मला काही कळत नाही.

बाकी इकडे ठीक. खिडकीसमोरच्या भिंतीला नवा रंग देतायत. पांढरा. तेवढाच आमचा बर्फ.

आशीर्वाद आहेतच.

दादा

२० जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

फॉर्म मिळाला, सही केली, पोचही आली. इतका पक्का विमा झाला आहे की न पडता परत आलो तर वाया गेल्यासारखं वाटेल.

बिट्टीला खोदून विचारलं. ती म्हणाली, तिच्या वाढदिवसाला तू स्वयंपाकघरात कप विसळत होतास. तिने विचारलं की आजोबा, माझ्याबरोबर बर्फ बघायला येता का? तू वळलासुद्धा नाहीस. म्हणालास की नडगी मोडून घ्यायला माणसं सुट्टी कशाला खर्च करतात देव जाणे. मग अर्धा तास तिला मोडलेल्या नडग्यांच्या गोष्टी सांगितल्यास. पोरगी कप पुसत राहिली, आणि नंतर गच्चीत जाऊन रडली.

त्यानंतर तिने मला विचारलं. प्रश्न संपायच्या आत मी हो म्हणालो. ऐकायला कमी येत असूनही ऐकलं, एवढाच काय तो माझा गुन्हा.

एक तारखेला निघतो. हॉटेलचा पत्ता मागे लिहिला आहे. चार तारखेला पहिला धडा.

लोभ कमी झाला असेल तर वाढव.

तुझा भोवरा

२९ जानेवारी

चि. भोवऱ्यास,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही, म्हणून तसाच सुरू करतो. तू निघायच्या आत पत्र घरी पोचणार नाही, तेव्हा हॉटेलवर पाठवतो आहे.

बिट्टीने विचारलं होतं. तुझं पत्र वाचलं आणि तो कपसुद्धा आठवला, कानाला टवका उडालेला. मला भीती वाटली होती रे. त्या भीतीला मी अनुभवाचा कोट घातला आणि पोरीपुढे उभी केली.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. तुझा पाय आठचा आहे.

लहानपणी माझे जुने बूट तुला यायचे, पुढे कागदाचा बोळा कोंबून. स्वतः कमवायला लागलास तरी एक नंबर मोठाच घेत आलास. पाय आत हलला तरच तुला बूट घातल्यासारखं वाटतं. हे आईला माहीत होतं, ती गेली. उरलो मी. तुझ्या पत्रात नऊ वाचताक्षणी मला सगळं दिसलं. टाच उचलली जाते, पाय वळतो, स्की वळत नाही, आणि नडगी मधल्यामधे जाते. असे कागद मी गठ्ठ्यांनी वाचलेत. आणि तुला लिहिलं काय, तर बुटांविषयी मला काही कळत नाही.

तुझं हाड मोडावं असं मनात नव्हतं, गळ्याची शपथ. पहिल्या दिवशी तुझी जरा फजिती व्हावी, बिट्टीला वाटावं की आजोबांनाच आणायला हवं होतं, एवढंच हवं होतं. पाय मोडल्यावरची सगळी सोय मी करून दिली. न मोडण्याची तेवढी केली नाही.

चार तारखेच्या आत आठचे मागून घे. बिट्टीला फोन करता आला असता, पण तिला काय सांगू? तुला योग्य वाटलं तर तूच सांग. मला ते सोसेल.

पोस्टाचा भरवसा नाही, हीच एक धास्ती आहे.

दादा

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी खाली टेबलावर मिळालं. वाचून आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या. मग पाय मोजून घ्यायला गेलो. आठ. दुकानदाराने नऊचा जोड माझ्या पायात हलवून बघितला आणि विचारलं की हा कोणी दिला तुम्हाला, वैऱ्याने? आठचे घातले. आयुष्यात पहिल्यांदा बुटाने माझा पाय असा धरून ठेवला. बिट्टीला काही सांगितलेलं नाही.

आता माझंही ऐक. मला माहीत होतं. प्रत्येक दुकानात लोक आठ म्हणायचे आणि मी नऊ मागायचो. तू कविता म्हणायला लागलास की गुरुजी डोळे मिटून घ्यायचे, आई हातातलं काम सोडून दाराशी यायची. माझ्यासाठी कधी कोणी हातातलं काम सोडलं नाही. मला तुझ्यासारखं काहीच जमलं नाही, निदान पाय तरी तुझ्याएवढा, नऊचा असावा असं वाटायचं. तेव्हा हा सगळा जळफळाट आपल्या एकट्याचाच, असं समजून मिरवू नकोस. मी तुझ्या आधीपासून जळतो आहे, फक्त मला ते तुझ्यासारखं सुंदर लिहिता येत नाही.

उद्या सकाळी नऊला धडा आहे. खिडकीतून उतार दिसतो आहे, निळसर, शांत. तू असतास तर

दारावर कोणीतरी आहे. आम्ही कोणाला बोलावलं नव्हतं. बिट्टी उघडायला गेली.

दादा, आता हे पत्र पाठवू कुठे? तूच उभा आहेस दारात, कचेरीचा काळा कोट घालून, चष्म्यावर धुकं, धाप लागलेली. बिट्टी तुझा हात धरून विचारते आहे की आजोबा, तुम्ही इथे कसे, काय झालं? तू तिच्याकडे बघत नाहीस. माझ्या तोंडाकडेही बघत नाहीस. चष्मा कोटाला पुसून आधी माझ्या पायांकडे बघतो आहेस.