दीडशेपर्यंतची थाप

मी, बिरप्पा ईश्वरप्पा हक्के, वय ६३ वर्षे, धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणे, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारी एकच व्यक्ती, माझी पत्नी केराबाई, आत भाकऱ्या करत आहे.

१. भवानी पेठेतील दोन खोल्या केराबाईच्या हयातीत तिच्या, तिच्यामागे मुलगी सृष्टी हिच्या.

२. कॉइल गुंडाळायचे यंत्र, पकडी व चेनपुली सृष्टीला. तारेचे वेढे मोजताना तिची चूक होत नाही. माझी आता होते.

३. मैंदर्गीच्या विहिरीतील माझा हिस्सा धाकटा भाऊ मडिवाळप्पा मागतो आहे. त्याला देत नाही. मुलगा गेल्यावर आम्ही नवराबायको शाळाशाळांतून बोलू लागलो, तेव्हा हा म्हणाला, "घरचं दुखणं चव्हाट्यावर कशाला?" ते मी विसरलो नाही, विसरायचा प्रयत्नही केला नाही. हिस्सा सृष्टीचा. तिने विहिरीवर जाळी बसवावी.

४. माझा मुलगा कुमार, वय १६, मे २०१६ मध्ये दगडाच्या खाणीतील पाण्यात गेला. पाण्याखाली श्वास कोंडून कोण जास्त टिकतो, अशी मित्रांत पैज लागली होती. त्याचा जिवलग मित्र अझरुद्दीन काठावरून मोठ्याने आकडे मोजत होता. कुमार हलेना, तेव्हा पोरांना वाटले जिंकतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकशे एकाहत्तरला अझरुद्दीनने उडी मारली, पण उशीर झाला होता.

तेव्हापासून केराबाई अझरुद्दीनचे नाव घेत नाही. "मोजणारा" म्हणते. शाळेत आम्ही सांगतो, की पट्टीच्या पोहणाऱ्याचीही शुद्ध अशी नकळत हरपते. श्वास कोंडायची पैज लावू नका. काठावर आकडे मोजत बसू नका, नावाने हाक मारून बाहेर बोलवा.

५. शाळेत कधी न सांगितलेले इथे लिहितो. मैंदर्गीच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, मीच कुमार आणि अझरुद्दीनला सुट्टीत पोहायला शिकवले. भोपळा सुटला की बुडी मारायला लावायचो आणि पायरीवर बसून आकडे मोजायचो. "तुझ्याएवढा असताना मी दीडशेपर्यंत खाली राहायचो," असे कुमारला कितीदा तरी सांगितले. ती थाप होती. मी नव्वदच्या पुढे कधी गेलो नाही. पोरगा माझ्या थापेच्या पुढे जायला निघाला होता.

६. तो भोपळा अझरुद्दीनला देतो. गेली दोन वर्षे तो आमच्या शाळेतल्या कार्यक्रमात शेवटच्या बाकामागे उभा राहतो, तोंड उघडत नाही. माझ्यामागे शाळांतून त्याने बोलावे आणि सुरुवात माझ्या थापेपासून करावी. त्याला दोष देणाऱ्याने आधी कलम पाच वाचावे.

७. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून अझरुद्दीन बाहेर पायरीवर बसला आहे. सही करण्याआधी हे सारे केराबाईला वाचून दाखवले. तिने पिठाचा हात परातीतच ठेवला. म्हणाली, "नऊ वर्षं त्या पोराला शिव्याशाप दिले मी. तुमी गप बसून ऐकत हुता व्हय?"

मी होय म्हणालो. मग ती उठून दारात गेली. तिने जे म्हटले तेही या मृत्युपत्राचा भाग समजावे:

"अझरुद्दीन, आत ये की. भाकरी गरम हाय."

लिहून ठेवणार: बिरप्पा ईश्वरप्पा हक्के (सही)

आमच्यादेखत वाचून सही केली, साक्षीदार:
१. शिवशरण कोरे, शेजारी (सही)
२. वीरभद्रप्पा म्हेत्रे, निवृत्त शिक्षक (सही)

सोलापूर, दि. १२ ऑक्टोबर २०२५