वायरलेसवर निवृत्ती काय बोलला

केज,
मंगळवार, ता. ३ डिसेंबर २००२

चि. समाधान यास,
वैजिनाथकाकाचे अनेक आशीर्वाद. वहिनींना माझा जय भीम सांग. सौ. वनितालाही आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक आहे. थंडी पडली की तुझ्या नीलम्माकाकूचे गुडघे कुरकुरतात, पण गुडघ्यांपेक्षा ती जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही. दुकान आता रुद्रेशच बघतो. मी नुसता गल्ल्याशेजारी बसतो आणि गिऱ्हाइकाला नको ते सांगून बसतो, असं त्याचं म्हणणं.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. बीडला पिक्चर सुटल्यावर मी चहा अर्धवट टाकून, न सांगता स्टँडवर का निघून गेलो, असं तू विचारलंस. केजची गाडी लागली होती हे खरं. पण केजला गाड्यांचा काही दुष्काळ नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

पंधरा तारखेला तुमच्या गावात निवृत्तीच्या नावानं वाचनालय निघतंय, हे वाचून बरं वाटलं. ते मी उघडावं, असं तू म्हणतोस. त्याच्या आधी पेपरात तुझा लेख येणार, पिक्चरमधल्यासारखे लढाईत वायरलेसवर आपल्या भाषेतून गुप्त निरोप देणाऱ्या अमेरिकेतल्या त्या नवाहो लोकांवर आणि आपल्या जिल्ह्यातल्या तसल्याच एका जोडीवर, म्हणजे तुझ्या वडिलांवर आणि माझ्यावर. त्यासाठी तुला शुक्रवारपर्यंत माझ्याकडून दोन गोष्टी हव्यात: पिक्चरबद्दल माझं मत, आणि निवृत्तीचे शेवटचे शब्द.

मत आधी देतो, ते सोपं आहे.

वायरलेसचा सेट पाठीवर घेऊन कोणी इतकं पळत नाही. दहा पावलांत कंबर बोलायला लागते. आणि बॉम्ब पडत असताना ऑपरेटर उभा राहून बोलत नाही, तो जमिनीत तोंड खुपसून बोलतो. आवाज मात्र त्यांनी बरोबर पकडलाय, तो खरखराट. माझ्या बाजूला एकजण शिट्ट्या मारत होता. त्याला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

बाहेर टपरीवर तुम्ही सगळे बोलत होता ते मी ऐकत होतो. तुझ्या शाळेतले सुंदरराव म्हणाले, "पिक्चर नवाहोंचा म्हणायचा, अन् रडतोय गोराच. ज्याची भाषा हाय त्यो नुसता बाजूला हुबा." हे मला पटलं. मग तुझा तो मित्र मुंजाजी म्हणाला, "मैतर दुश्मनाच्या हाती लागायला लागला तर भाषा वाचवायला त्यालाच गोळी घाला म्हणं. असला हुकूम कोण पाळंल बे?" कोणी म्हणालं हुकूम म्हणजे हुकूम, कोणी म्हणालं तसं प्रत्यक्षात होत नसतं. आणि तू माझ्याकडं वळून विचारलंस, "काका, तुमाला दिलता का कुनी असा हुकूम?"

तेव्हा मी कप खाली ठेवला आणि निघालो.

नाही. आम्हाला असा हुकूम कोणी दिला नव्हता. हे नीट लक्षात ठेव. त्या गोऱ्याच्या मागं हुकूम तरी होता. पुढचं उद्या लिहितो, गोणी उतरवायला माणसं आली आहेत.

बुधवार, ता. ४

काल गोणी उतरवायला कोणी आलं नव्हतं.

आमची भाषा काय होती ते तुला मी लहानपणी सांगितलंय, पण लेखात चूक नको म्हणून परत सांगतो. माझ्या वडिलांची केजच्या मोंढ्यात अडत होती. शेतकऱ्यासमोर दोन अडत्यांना भाव बोलायचा तर ते नंदभाषेत बोलत. एकाला केवली, दोनाला आवारू, तिनाला उदानू, असे सगळे आकडे. ही भाषा बाहेरच्याला शिकवायची नाही, अशी वडिलांनी मला गळ्यातल्या लिंगाची शपथ घातली होती. मी त्यांच्याशी भांडून फौजेत गेलो आणि तिथं पहिल्याच महिन्यात ती निवृत्तीला शिकवली. वडिलांवरचा राग म्हणून शिकवली, जात मोडायची म्हणून नव्हे. तो चार दिवसांत शिकला. मला लहानपणी वर्ष लागलं होतं.

एकाहत्तर साली आमचे साहेब म्हणाले, पलीकडचे लोक सेटवर कान लावून बसलेत, त्यांना हिंदी कळतं, पंजाबी कळतं, तुम्ही दोघं तुमच्या गावचं बोला. निवृत्ती हसून म्हणाला, "आपल्या बोलीत निम्मे शब्द निजामाच्या उर्दूतले, ते तर त्यांना आपल्याआदी कळतील." मग आम्ही बसून तसले शब्द चाळून काढले, गव्हातले खडे काढतात तसे. आकडे नंदभाषेत. मी साहेबांजवळच्या सेटवर, तो पुढं गस्तीबरोबर. अख्ख्या त्या मुलुखात ती बोली दोघांनाच कळत होती. साहेब तिला आमचं कुलूप म्हणायचे. लोक ऐकून खूश होतात, तूही झालास. पण दोघांनाच कळणाऱ्या भाषेत एकजण काय बोलला, याला दुसऱ्याशिवाय साक्षीदार नसतो. हे त्या पिक्चरवाल्यांना सुचलं नाही.

चौदा डिसेंबरला सकाळी साडेसहाला निवृत्तीची गस्त परत येताना नाल्यापलीकडं गोळीबारात सापडली. थोड्या वेळानं निवृत्तीचा आवाज आला. मी तो जसाच्या तसा लिहितो, एकतीस वर्षांत एक अक्षर विसरलो नाही.

"वैजू, उदानू गेले. मी एकलाच हाय. मांडीला लागलंय, चालता येत न्हाई. वरच्या अंगाला दोन बाभळी हायेत, त्यांच्याखाली हाय. तिकडून वाट मोकळी हाय, कुनी न्हाई. तू ये."

साहेबांनी विचारलं, "क्या बोल रहा है?"

समाधान, मी त्या नाल्याकडं बघितलं. मला कळलं होतं की खरं सांगितलं तर माणसं पाठवतील, आणि त्यांच्यासोबत मलाच पाठवतील, कारण त्याचं बोलणं मलाच कळतं. मी बावीस वर्षांचा होतो. मला भीती वाटली, आणि ती साहेबांना तोंडावर दिसू नये म्हणून मी सेटवर वाकलो.

मी म्हणालो, "साहब, कह रहा है रास्ता बंद है. सब गए. किसी को मत भेजना."

साहेबांनी टोपी काढली. ते चांगले होते. त्यांना खरं कळलं असतं तर ते स्वतः गेले असते. त्यांच्यावर कसला ठपका नको.

सेटवर निवृत्ती विचारत होता, "ऐकतोस का?" मी त्याला म्हणालो, "निघालोय. थांब." हेही मीच बोललो. इकडं खोटं आणि तिकडंही खोटं.

तो साडेअकरापर्यंत अधूनमधून बोलत होता. साहेब प्रत्येक वेळी माझ्याकडं बघत. मी त्यांना सांगितलं की निवृत्ती गेला, आता दुसरंच कोणीतरी बोलतंय, दुश्मनाचा डाव असेल; त्या खरखराटात त्यांना आवाज ओळखू येत नव्हता. सुरुवातीला तो वाट सांगायचा. मग म्हणाला, "येताना पानी आन, वैजू. लई तान लागलीया." हे तो चार-पाच वेळा म्हणाला. तुझ्याबद्दलही बोलला. सरूला सातवा लागलाय, पोरगं झालं तर नाव तू ठेव, असं म्हणाला. शेवटचे शब्द तुला हवे आहेत, ते हे: "बॅटरी उतरतीया. बंद करतो. जवळ आलास की हाक मार."

तीन दिवसांनी लढाई थांबली, मग आम्ही पलीकडं गेलो. वाट खरोखरच मोकळी होती. तो बाभळीला टेकून बसला होता. मांडी त्यानं स्वतःच फडक्यानं बांधली होती. सेटचं बटण बंद होतं. मी ते चालू करून बघितलं, तर बॅटरीत अजून जीव होता. तो आमच्यासाठी वाचवून ठेवला होता त्यानं.

त्यानंतर जानेवारीत मी तुमच्या घरी आलो. वहिनींना म्हणालो, गोळी लागली तिथंच गेला, पाणीसुद्धा मागितलं नाही. हेच शब्द वापरले मी, दुसरे सुचले नाहीत. त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी तांब्या भरून घेऊन आल्या. तो तांब्या मला हातात घेता येईना. मी नको म्हणालो. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि ओट्याखालचं कोणीतरी बोललं, "वान्याचा हाय, आपलं पानी कसं पिईल?"

मी ते खोडून काढलं नाही. मला आयतंच कारण मिळालं होतं. दर डिसेंबरला यायचं, ओट्यावर बसायचं, पाणी नको म्हणायचं. तू दहा वर्षांचा असताना विचारलंस, "काका, आमचं पानी चालत न्हाई का तुमाला?" मी म्हणालो, उपास आहे. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी तांब्या आणणं सोडलं.

मी जातीपातीतून सुटलेला आहे, असं मी म्हणणार नाही. निवृत्ती सुट्टीत आमच्या दुकानी आला, तेव्हा वडिलांनी त्याला वेगळ्या कपात चहा दिला, त्यानं तो कप स्वतः धुतला, आणि मी वजनाच्या काट्याकडं बघत बसलो. पण तुमचं पाणी मी नाकारलं ते त्यासाठी नव्हे. तो पाणी मागत होता आणि मी दिलं नव्हतं, म्हणून तुमच्या घरचं माझ्या घशाखाली उतरलं नसतं. ते सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी वहिनींना एकतीस वर्षं तो अपमान गिळू दिला. मला भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं. जातीचा म्हणवून घेतलेलं चाललं. पहिलं पाप भीतीनं झालं, दुसरं मी चांगला शांतपणे केलं.

तुझं नाव मी ठेवलं, हे तू सगळ्यांना कौतुकानं सांगतोस. का ठेवलं ते आता तुला कळलं.

लेख देऊ नकोस, किंवा दे आणि हे सगळं लिही. तो निर्णय तुझा. वाचनालय माझ्या हातून उघडायचं नाही, तेवढं मात्र ऐक. वहिनींच्या हातून उघड.

आता एक काम. वहिनींना वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुलाच त्यांना वाचून दाखवावं लागेल. वाचताना तुला वाटेल की आईला त्रास नको, एखादं वाक्य सोडून द्यावं. पाण्याचं तर नक्की सोडावंसं वाटेल. सोडू नकोस. पलीकडचा काय बोलला ते अलीकडच्याला जसंच्या तसं सांगायचं, ऑपरेटरचं काम एवढंच असतं.

चौदा तारखेला सकाळच्या गाडीनं मी येतो. नेहमीसारखा ओट्यावर बसेन. वहिनींनी तांब्या आणला तर पिईन. नाही आणला तर थोडा वेळ बसून निघेन, आणि पुन्हा त्या दारात येणार नाही.

तुझ्या वडिलांनी ज्याची वाट बघितली तो,
वैजिनाथ