गिरणीपाशी प्लुटो

तरसाली, बडोदे
२९ ऑगस्ट २००६

ती. सौ. वसुंधरावन्सं यांस,

निरुपमाचा वाकून नमस्कार. (कंबर जूनपासून धरली आहे, तरी वाकून.) तुमचा गुडघा कसा आहे, जयवंतरावांची साखर ताब्यात आहे का, ते कळवा. इकडे गणपती बसले आहेत आणि गौरींची तयारी अर्धी राहिली आहे. फोनच केला असता, पण आमचा फोन बैठकीत आणि तुमचे बंधू दिवसभर फोनला टेकून, म्हणून कुरियरने पत्र. भावाची तक्रार बहिणीकडे करू नये हे मला माहीत आहे. पण लहानपणी ते रडले की हातावर गूळ तुम्हीच ठेवत होतात, तेव्हा निस्तरायचंही तुम्हीच. येत्या रविवारी सोसायटीच्या गणपतीत ते पुन्हा फुटबॉलची सूर्यमाला मांडणार आहेत. मोठ्या बहिणीच्या अधिकाराने ती बंद पाडा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

झालं असं की, वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना मुलांची काळजी लागली आहे. स्वतःच्या नव्हे, सोसायटीतल्या. पोरांना विज्ञानाची गोडी नाही, आकाशाकडे कुणी मान वर करून बघत नाही, असं ते जेवताना मला ऐकवत (जसं काही मीच पोरांच्या माना धरून ठेवल्या होत्या). जूनमध्ये तो वर्ल्ड कप सुरू झाला आणि पोरांच्या अंगात आलं. ज्यांना नकाशात जर्मनी दाखवता येणार नाही त्यांनी रावपुऱ्यातून ब्राझीलचे पिवळे शर्ट आणले. हे म्हणाले, चेंडूमागे धावतात ना, मग चेंडूतूनच शिकवू. फुटबॉल म्हणजे सूर्य. त्या मापाने पृथ्वी मोहरीएवढी, गुरू सुपारीएवढा, आणि मधली अंतरंही त्याच मापाची. ऐकायला छान वाटतं. मलाही वाटलं, तिथेच फसले.

मग ग्रह वाटायला बसले. गुरू व्हायला चौघे तयार, शनि व्हायला कुणी नाही. ध्रुवची आई दारात येऊन म्हणाली, "काका, मारा दीकराने शनि ना बनावता, पनोती बेसी जशे." (मी हसले नाही. आपल्यात तरी साडेसाती हौसेने कोण घेतं?) मंगळासाठी सानवीचं नाव घातलं तर तिची आजी रुसली, मुलीच्या जातीला मंगळ लावू नका म्हणाली. पोरांना आकाशात न्यायला निघालेला माणूस असा पत्रिकेत अडकला. अखेर मंगळावर पटेलांच्या दुसरीतल्या नातवाला उभं केलं आणि शनीच्या जागी आमची स्कूटर, सीटवर सुपारी ठेवून. उरला प्लुटो. तो मापाने जवळजवळ किलोमीटरभर लांब. इतक्या लांब पोर पाठवायला आया तयार नाहीत; बायको पाठवायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या हातावर रव्याचा एक कण ठेवला (वन्सं, एक. घरात डबाभर रवा असताना) आणि मकरपुऱ्याच्या रस्त्याला पिठाच्या गिरणीपाशी नेऊन उभं केलं. शिट्टी वाजली की बाकीच्यांनी फिरायचं, तू हलू नकोस, तुझ्या एका फेरीला अडीचशे वर्षं लागतात, असं बजावून हे गेले.

जूनचं ऊन. शिट्टी तिथवर ऐकू येणं शक्यच नव्हतं. गिरणीचं पीठ नाकात जाऊन शिंक आली आणि पहिल्याच शिंकेत ग्रह उडाला, मग मी नुसतीच मूठ मिटून उभी. एक रिक्षावाला थांबला, "माजी, क्यां जवुं छे?" मी म्हटलं, "क्यांय नथी जवुं, हुं प्लुटो छुं." त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "तो छांयडामां ऊभा रहो ने." सावलीत तरी उभ्या राहा म्हणणारा, माझ्या बाजूने बोलणारा, त्या दिवसात तो एकच माणूस भेटला. मागे वळून पाहिलं तर मैदान दिसेना, चेंडू दिसेना, हे दिसेनात. खऱ्या प्लुटोलाही म्हणे तिथून सूर्य नुसता ठिपक्याएवढा दिसतो, तरी बिचारा त्याच्याचभोवती फिरत राहतो. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं.

तिकडे काय चाललं होतं ते मागाहून कळलं. समरजित बुध होता, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळ. आता पुढ्यात फुटबॉल असताना बारा वर्षांचा मुलगा किती वेळ बुध राहणार? त्याने सूर्याला लाथ घातली. शुक्राने अडवला, पृथ्वी आणि मंगळ धावले, गुरू गोलमध्ये उभा राहिला. आणि तुमच्या बंधूंनी काय करावं? त्याच शिट्टीने पंचगिरी केली. सामना संपल्यावर अख्खी सूर्यमाला आमच्या घरी आली आणि मी करून ठेवलेलं पन्हं तळापर्यंत प्यायली. त्याच रिक्षावाल्याने मला दुपारी घरी आणून सोडलं, तेव्हा हे पंख्याखाली पाय पसरून बसले होते. म्हणाले, "अगं, तू अजून तिथेच होतीस?" त्यांच्या मते कार्यक्रम उत्तम झाला. पोरं काय शिकली म्हणाल, तर रस्त्यात मी दिसले की "प्लुटोआजी" म्हणून हाक मारायला शिकली. आता भाजीवालीही तेच म्हणते. या वयात हे नाव घेऊन मी हळदीकुंकवाला कशी जाऊ?

तेव्हा रविवारचं तेवढं थांबवाच. जयवंतरावांना नमस्कार सांगा.

तुमची संतापलेली,
निरुपमा

ता. क. गौरींसाठी पाठवलेले खण पोचले. रंग यांनाही आवडला, पण त्यांची आवड आता मी धरत नाही.

ता. क. पुन्हा. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पाकीट चिकटवण्याआधी उरलेलंही लिहिते. गेल्या आठवड्यात परदेशात शास्त्रज्ञांनी सभा भरवून प्लुटोला ग्रहांतून काढलं. पेपर वाचून हे म्हणाले, बरं झालं, मांडणी सुटसुटीत होईल, रविवारी तू घरी थांबून प्रसादाचा शिरा कर. इतकं सहज म्हणाले, वन्सं. पोरं रोज संध्याकाळी यांना सोडून माझ्या पायरीवर येतात. आजी, तिकडे थंडी किती, दिवस केवढा, असं विचारतात, म्हणून मी दुपारची झोप सोडून यांची पुस्तकं वाचते. परवा सानवीने विचारलं, "आजी, तुला काढलं का गं?" मागाहून यांनी मोकळा शनि देऊ केला, तो मला नको. कार्यक्रम बंद पाडू नका. यांना एवढंच सांगा की शास्त्रज्ञांनी नाव खोडलं म्हणून प्लुटो काही फिरायचा थांबलेला नाही, आणि मी रविवारी गिरणीपाशी उभी राहणार आहे. फक्त या वेळी त्यांनी स्वतः मला परत न्यायला यायचं, तेवढं कबूल करून घ्या.