वापसीची नोंद

संघदीप,

वर्षावासात, पावसाचे तीन महिने, भन्ते जागा सोडत नाहीत, म्हणून तू लुंबिनीत हमखास सापडशीन असं वाटलं. आपल्या धाड गावच्या विहारातल्या बायांसंग मी बसनं निघाली. नेपाळच्या सीमेवर नव्या नियमानं सरकारनं माहा फोटो काढला, डोळे घेतले, अंगठा घेतला. कोणाले भेटाले चालल्या, असं शिपायानं इचारलं. मी तुहं पुरं नाव सांगितलं. त्यानं कंप्यूटरमंदी पाह्यलं अन् हळूच म्हणे, "बहनजी, वो तो पिछली सर्दी में ही भारत लौट आया."

मंग तोच म्हणे, "घर नहीं पहुँचा क्या?" मी पहुँचा म्हणून सांगितलं.

तवापासून एसटीत कोणी डोकं भादरलेला दिसला का मी उठून त्याचं तोंड पाहून येते. तू वापस आला, हे सरकारले पहिले समजलं, बहिणीले मांगून. याचा मले लय राग येते. अन् तुहा पत्ताही त्याच शिपायाले काऊन इचारला नाही, म्हणून जीव तळमळते.

माय रोज म्हणे, वर्षावास सरला का येईन तो. मी हाव म्हणत गेली.

काल सरला. आज तिनं तुही बाज धुऊन अंगणात उन्हात टाकली हाये.

तुही ताई,
सारिका